बेवारस अंडी

कोंबड्यांच्या शेडमध्ये आत्याचा शब्द चालायचा आणि घरी मिस्त्रींचा. निदान मिस्त्रींची तशी समजूत होती, आणि आत्यानं ती एकतीस वर्षं मोडली नव्हती. उगाच कशाला माणसाचा विरस करा!

नवराबायको दोघंही एकाच ठिकाणी कामाला. कोंबड्यांवर संशोधन करणारं केंद्र होतं, तिथं ती पक्ष्यांची देखभाल करायची आणि ते सुतारकाम. फाटकावरच्या रखवालदारापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला आत्या म्हणायचे, का ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मिस्त्रींना सगळे मिस्त्रीच म्हणायचे, आणि जरा दबून म्हणायचे, कारण हा माणूस नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्यांच्या हातच्या कामात खोट निघायचीच नाही. खिडकी अडकली तर लाकूड फुगलेलं असायचं आणि टेबल डुगडुगलं तर जमीन वाकडी असायची. म्हणजे चूक एक वेळ पृथ्वीची होईल, पण मिस्त्रींची? नाव काढू नका.

त्या वर्षी केंद्रात तीन देशी जातींची तुलना चालली होती. तांबडी, ठिपकेदार आणि काळी, प्रत्येकीच्या चाळीस कोंबड्या. एकच शेड, एकच दाणा, एकच पाणी, म्हणजे कुणाला लाडाचं आणि कुणाला सावत्र असं व्हायला नको. दर आठवड्याला वजन करायचं आणि रोजची अंडी मोजायची. वाढीत कोण पुढं, अंड्यांत कोण पुढं, हे पाहून शेवटी कुठली जात ठेवायची ते ठरणार होतं.

वाढीत काळीला तोड नव्हती. विसाव्या आठवड्यात तांबडी काट्यावर जेमतेम किलोभर भरली, ठिपकेदार त्याहून थोडी जास्त, आणि काळी पावणेदोन किलो. चालायची कशी, तर लग्नात मान मिळालेल्या वरमाईसारखी, कुणी वाट दिल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. मागं शेपटाचा हा एवढा मोठा तुरा. आत्याचा सगळा जीव या काळ्यांवर. एक दिवसाची पिल्लं होती तेव्हापासून तिनं त्यांना वाढवलं होतं, आणि तिचा आवाज ऐकला की चाळीसच्या चाळीस जणी धावत यायच्या. "पोटच्या पोरांनी कधी इतकं ऐकलं नाही माझं," असं ती कुणालाही सांगायची. पोरांसमोरसुद्धा.

पण घोडं अंड्यांपाशी अडलं होतं. तिन्ही जातींची अंडी दिसायला सारखीच, फिकट तपकिरी. कुठलं कुणाचं हे कळावं म्हणून मिस्त्रींनी तीस लाकडी पेट्या करून दिल्या होत्या. कोंबडी अंडं घालायला आत शिरली की तिच्या पाठीच्या धक्क्यानं दाराचं टेकण निसटायचं, दार मागून पडायचं आणि कडी लागायची. मग दर अर्ध्या तासानं आत्यानं फेरी मारायची, बंद पेटी उघडायची, कोंबडी काढून तिच्या पायातल्या कड्यावरचा नंबर वाचायचा आणि तो पेन्सिलीनं अंड्यावर लिहायचा. साधं, सरळ काम.

आता रोज काय व्हायचं? दहा-बारा पेट्या अशा निघायच्या की दार बंद, कडी लागलेली, आत ऊबदार अंडं, आणि कोंबडीचा पत्ता नाही! आतली बाई आत्याच्या हातावर तुरी देऊन पसार. अशा अंड्यांवर नंबर कुणाचा घालणार? आत्या वहीत 'बेवारस' म्हणून लिहायची. आणि ही तुलना चालवणाऱ्या डॉक्टरबाईंचा नियम असा, की बेवारस अंडं कुठल्याच जातीच्या खात्यात धरायचं नाही.

"अहो, तुमच्या कड्या सैल आहेत," आत्या घरी सांगायची. "कोंबडी ढकलून बाहेर पडते."

"माझी कडी सैल?" मिस्त्रींचा घास हातातच राहायचा. दुसऱ्या दिवशी ते पक्कड घेऊन शेडमध्ये यायचे, तीसही पेट्यांची दारं आतून ढकलून बघायचे, आणि एकही हलायचं नाही. "कडी सैल नाही, तुझं लक्ष सैल आहे. कोंबडी तूच काढत असशील आणि नंबर लिहायचा विसरत असशील."

"हो ना, आणि अंडंही मीच घालत असेन!"

हे भांडण तीन महिने चाललं. ऐकणाऱ्यांना ते पाठ झालं होतं.

सोमवारी मात्र डॉक्टरबाईंनी आत्याला खोलीत बोलावलं. डॉक्टरबाई वयानं लहान, पण आकड्यांना पक्क्या. त्यांनी कागद पुढं केला. महिन्याला तांबडीची सरासरी चौदा अंडी, ठिपकेदारची बारा आणि काळीची पाच.

"खाते सगळ्यांत जास्त, घालते सगळ्यांत कमी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काळी बंद करतोय आपण. शुक्रवारी सकाळी गाडी येईल."

"गाडी? कुठली?"

"आत्या, कोंबड्या न्यायची. विकायला."

आत्या कागद टेबलावर ठेवून तडक निघाली. शेडमध्ये परत आली तर काळ्या आपल्या धावत आल्या, आणि तिला भडभडून आलं. "या, या, माझ्या उपाशी बायांनो," म्हणत तिनं त्यांना दाणा घातला आणि पदरानं नाक पुसलं.

गुरुवारी सकाळी तिची चप्पल तुटली. अंगठाच उपटून आला. फेरी नुकतीच झाली होती, म्हणून दाण्याच्या पोत्यांमागं बादली पालथी घालून ती चपलेला पिन लावत बसली. एरवी तिला बसायला फुरसत कुठली! आणि ती शेडमध्ये फिरत असली की कोंबड्याही माना वर करून तिच्याकडंच बघायच्या, पेटीत शिरायच्या नाहीत. एखाद्या पेटीबाहेर शेपूट दिसलंच, तर कोंबडी आत्ताच आत शिरतेय असं समजून ती पुढं जायची. आज पोत्यांमागं ती कुणाला दिसत नव्हती. एक काळी डुलत आली, समोरच्या पेटीत शिरली आणि बसली. दार पडलं. पण पुरतं पडलं नाही. काळीचं शेपूट पेटीबाहेरच राहिलं होतं, आणि दार त्या शेपटावर आरामात टेकलं होतं.

आत्या पिन तोंडात धरून बघत राहिली. पंधरा-वीस मिनिटांनी काळी उठली, पाठमोरीच बाहेर सरकली, आणि ती निघाल्यावर मागं दार पडलं. खट्. कडी लागली. आत अंडं, बाहेर कोंबडी.

"अगं माझे आई!" आत्या एवढ्या जोरात ओरडली की अर्धी शेड उडाली.

तशीच एका पायात चप्पल घालून ती सुतारखोलीत गेली. "अहो, चला. पक्कड नको, टेप घ्या. आणि माझ्याजवळ गप्प बसायचं. जमेल का?"

"मी बोलतो का कधी?" असं म्हणून मिस्त्री वाटभर बोलत आले.

पोत्यांमागं दोन बादल्यांवर दोघं शेजारी बसली. इतका वेळ न भांडता बाजूबाजूला बसल्याचं आत्याला लग्नाच्या दिवसानंतर आठवेना. आधी एक तांबडी आली, आत शिरली, दार पडलं, कडी लागली, बाई अडकली. मिस्त्रींनी आत्याला कोपरानं ढोसलं, म्हणजे बघ माझी कडी. मग एक ठिपकेदार आली, तीही अडकली. पुन्हा कोपर. मग काळी आली.

मिस्त्रींचं कोपर जागच्या जागी राहिलं. काळी गेल्यावर ते उठले, पेटीची खोली मोजली, आत्यानं कोंबडी पकडून धरल्यावर तिला चोचीपासून शेपटापर्यंत मोजलं, आणि टेप पुन्हा पेटीला लावला. पेटी चार बोटं आखूड होती. काळ्यांतल्या ज्या लहान होत्या किंवा ज्यांचं शेपूट गळालं होतं तेवढ्याच काय त्या सापडत होत्या. बाकीच्या बिचाऱ्या रोज अंडं घालून निघून जात होत्या, आणि आळशी म्हणून उद्या विकल्या जाणार होत्या.

खरं तर आत्याला नाचायला हवं होतं. हा माणूस एक दिवस तोंडघशी पडेल आणि मग आपण काय काय बोलू, याची तिनं एकतीस वर्षं तयारी केली होती. चांगली दोन-चार वाक्यं तोंडपाठ होती. पण मिस्त्री टेप गुंडाळायचं विसरून पेटीकडं बघत उभे होते, आणि तिला त्यांचं ते तोंड बघवेना.

"आपण सांगू, लाकूड फुगलं म्हणून," ती हळूच म्हणाली.

"लाकूड फुगून पेटी आखूड होत नसते," मिस्त्री म्हणाले. "आणि उद्या गाडी येणार आहे ना? चल."

डॉक्टरबाईंपुढं ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. "माप माझं चुकलं, बाई. पेट्या चार बोटं आखूड झाल्यात. काळी त्यात मावत नाही, म्हणून दार लागत नाही. ती बेवारस अंडी बहुतेक तिचीच."

डॉक्टरबाई आधी शेडमध्ये आल्या, स्वतः बादलीवर बसल्या, एक काळी जाताना आणि येताना पाहिली. मग खोलीत जाऊन त्यांनी वही काढली आणि बेवारस अंड्यांची बेरीज केली. ती करता करता त्यांच्या भुवया वर वर चालल्या. "ही सगळी तिची असतील तर ती तांबडीच्या बरोबरीला येतेय!" त्यांनी फोन करून गाडी नको म्हणून सांगितलं. नव्या पेट्या करायच्या आणि पुढचे दोन महिने पुन्हा मोजायचं ठरलं. आत्याला तर डॉक्टरबाईंचे गालगुच्चे घ्यावेसे वाटले.

"पण तीन महिन्यांची मोजणी वाया गेली," डॉक्टरबाई पेन काढत म्हणाल्या. "वरती लेखी कळवावं लागेल मला. मिस्त्री, माप घेतलं तरी कशावरून होतं?"

"अंदाजानं," मिस्त्री म्हणाले.

"अंदाजानं? इतकी वर्षं काम केलेला माणूस तुम्ही, आणि अंदाजानं?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. आणि आत्याच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. अंदाजानं? हा माणूस चहाचा कपसुद्धा अंदाजानं ठेवत नाही! मापाला कोंबडी आण म्हणून यांनीच तर निरोप धाडला होता. आपल्याला घाई होती. हाताशी तांबडी सापडली, काखेत मारली आणि नेली. यांनी टेप लावता लावता विचारलंही होतं, "सगळ्यांत मोठी हीच ना गं?" आणि आपण म्हणालो होतो, "हो हो, कोंबडी ती कोंबडी, उरका लवकर."

तिनं मिस्त्रींकडं पाहिलं. ते मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते. म्हणजे यांना आठवत होतं. पेटीला टेप लावला तेव्हापासून आठवत होतं.

"अंदाजानं नव्हतं हो, बाई," आत्या म्हणाली. "मापाची कोंबडी मी नेली होती. तांबडी. हे विचारत होते मोठी हीच का, तर मीच हो म्हटलं. यांच्या मापात काय चूक असणार? त्या तांबडीला पेटी अगदी बरोबर बसते. कागदावर माझं नाव घाला."

डॉक्टरबाईंनी एकदा हिच्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. मग हसू दाबत दोघांचीही नावं लिहून घेतली.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मिस्त्री थांबले. चेहरा रागीट करायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. "काय बाई आहेस! जन्मात एकदा चूक कबूल केली मी, तर तीही माझ्या हातातून हिसकावून घेतलीस!"

"अर्धीच घेतली," डोळे पुसत आत्या म्हणाली. "अर्धी राहू दे तुमच्याकडं. पुन्हा कधी मिळायची!"