सुतारखात्यातला गुण्या

तुरुंगाच्या सुतारखात्यात मास्तरांनी सव्वीस वर्षं काढली, आणि तीही काही गुन्हा न करता, असं त्यांची बायको म्हणायची. कैद्यांना रंधा मारायला, सांधे जुळवायला शिकवणं हे त्यांचं काम. हाताखालून शेकडो जण गेले, पण हात म्हणावा असा एकाचाच. त्याने जोडलेला कोपरा कधी तसूभर हलला नाही, म्हणून काटकोन तपासायच्या अवजारावरून त्याचं नाव पडलं गुण्या. बाकीचे कैदी हसायचे. "नाव गुण्या, आणि गुण काय, तर कुलपं फोडायची!"

गुण्या चौथ्यांदा आत आला, तेव्हा खात्यात शाळेच्या दोनशे बाकांचं काम तुंबलं होतं. नवशिक्यांनी निम्मी बाकं लंगडी करून ठेवली होती. दारात गुण्याला बघताच मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "आलास? बरं झालं बाबा!"

सासरी गांजलेली लेक माहेरच्या उंबऱ्यावर हसते, तसा गुण्या हसला. शिपायाची झडती संपायच्या आत त्याची नजर लाकडाच्या थप्पीवरून फिरून आली होती. दुपारपर्यंत सहा बाकं सरळ उभी राहिली.

त्याच आठवड्यात नव्या समुपदेशक बाई खात्यात आल्या. वयाने मास्तरांच्या मुलीएवढ्या. सुटलेली माणसं पुन्हा पुन्हा आत का येतात, याची माहिती त्या गोळा करत होत्या.

"तुमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा कोण परत आलं?" त्यांनी विचारलं.

"तो काय, गुण्या." मास्तरांच्या आवाजात कौतुक होतं. "असा कारागीर बाहेरसुद्धा मिळायचा नाही."

"बोलले मी त्याच्याशी," बाई म्हणाल्या. "विचारलं, तुझी वाट कोण बघतं? म्हणाला, बाहेर कोणी नाही. आत मास्तर बघतात."

बाई टोचून बोलल्या नव्हत्या. पण मास्तरांना दिवसभर काही सुचेना. दर वेळी गुण्या सुटताना त्यांनी "नीट राहा रे" म्हटलं होतं, आणि लगेच मनात विवंचना लागली होती, की आता पुढचं काम कोणाकडून करून घ्यायचं?

संध्याकाळी जेवताना त्यांनी ते बायकोला सांगितलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हीच लावलीत ना त्याला आतली गोडी? मग तुम्हीच तोडा," ती म्हणाली. "माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा फर्निचरचा कारखाना आहे. मानपान ठेवा बाजूला आणि जोडा हात."

साडूंनी आधी कानांवर हात ठेवले. "मांजराला दुधाची राखण करायला बसवू? उद्या कारखाना धुऊन नेला म्हणजे?"

मास्तरांनी पिशवीतून एक स्टूल काढलं. तुरुंगाच्या विक्रीकेंद्रातून विकत घेतलेलं, गुण्याने केलेलं. साडूंनी ते उलटं केलं, पाय पिळून बघितले, वर चढून उभे राहिले. स्टूल कुरकुरलंसुद्धा नाही.

"पाठवा," साडू म्हणाले. "पण कारखान्याची किल्ली मिळायची नाही."

गुण्या सुटला त्या दिवशी मास्तर रजा टाकून फाटकाबाहेर उभे राहिले. आजवर ते कधी कोणाला घ्यायला गेले नव्हते. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. कारखान्यापाशी आल्यावर गुण्या बंद दारासमोर नुसता उभा राहिला. कोणीतरी उघडेल म्हणून तो थांबलाय, हे मास्तरांच्या जरा उशिराच लक्षात आलं.

"ढकल की," ते हळूच म्हणाले.

दहाव्या दिवशी साडूंचा निरोप आला, तुमचा माणूस कामावर नाही. मास्तर गुण्याच्या भाड्याच्या खोलीवर गेले. तो भरलेली पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसला होता.

"काम जड जातंय?"

"काम कसलं जड? जेवणाची सुट्टी जड जाते." गुण्या जमिनीकडे बघत बोलत होता. "घंटा नाही, रांग नाही. सगळे डबे उघडून घोळक्याने बसतात. मला कोणी ये म्हणत नाही आणि मला जाता येत नाही. भिंतीकडे तोंड करून खातो. आत मला मान होता, मास्तर."

मास्तर त्याच्याशेजारी टेकले. "एक सांगतो. तू परत यायचास ना, तेव्हा मला आनंद व्हायचा."

"माहीत होतं की."

"ते माझं चुकलं." मास्तरांनी त्याच्या मांडीवरची पिशवी उचलून खाली ठेवली. "आता पुन्हा आलास तर रंधा मिळायचा नाही. हातात झाडू देईन."

"एवढं कराल तुम्ही?"

"करेन."

गुण्याने मान फिरवली. पण दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. मास्तरांनी साडूंच्या कानावर सगळं घातलं होतं. दुपारी म्हातारे पॉलिशवाले काका सरकून म्हणाले, "बस रे इथे. भिंतीला काय जेवायला वाढतोयस?"

आठ महिने बरे गेले. मग काका आजारी पडून मुलाकडे गेले, त्यांची जागा रिकामी राहिली. त्यानंतर तीन आठवड्यांनी गुण्याने एका दुकानाचं कुलूप फोडलं आणि पायरीवरच बसून राहिला. पळालासुद्धा नाही. सहा महिन्यांची शिक्षा झाली.

खात्यात त्याला आणलं. मास्तरांनी कोपऱ्यातला झाडू उचलून त्याच्या हातात दिला.

अधीक्षक भडकले. "सोन्यासारखा कारागीर आणि केर काढतोय?"

"काम उशिरा जाईल, साहेब. पण तो केरच काढेल," मास्तर म्हणाले. नोकरीत पहिल्यांदाच ते साहेबांपुढे असे बोलले.

गुण्या भुसा लोटत राहिला. दुसऱ्यांच्या हातून सांधे बिघडताना बघत राहिला. एकदा न राहवून तो एका बाकाशी वाकला. "ठेव ते," मास्तर म्हणाले आणि स्वतःच तोंड फिरवून उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

दोन महिन्यांनी बाईंनी खटपट करून साडूंना भेटीला आणलं. जाळीपलीकडून ते खेकसले, "अर्धवट टाकून आलास ते कपाट कोण पुरं करणार, मी? कोणाला हात लावू दिलेला नाही त्याला. आणि काकांचं ऑपरेशन झालंय. रोज फोन करून विचारतात, आला का म्हणून. काय सांगू त्यांना?"

गुण्याने जाळीला कपाळ टेकलं आणि लहान मुलासारखा रडला. साडू घाबरले. "बरं बरं, सांगतो, चार महिन्यांनी येतोय म्हणून."

त्याला आता तीन वर्षं झाली. मास्तर निवृत्त झाले. परवा त्यांच्या मागच्या दाराची फळी फुगून अडकायला लागली, तेव्हा ते कारखान्यात गेले. जेवणाची सुट्टी होती. काकाही कामावर परतले होते आणि गुण्या त्यांच्या डब्यातलं लोणचं उचलत होता.

"या आठवड्यात नाही जमायचं, मास्तर," तो म्हणाला. "हातात ऑर्डर आहे, आणि रविवारी काकांना डॉक्टरकडे न्यायचंय. तुम्हालाही येतं की रंधा मारायला!"

घोळक्यात हशा पिकला. मास्तरही हसले, घरी आले आणि दार उतरवून स्वतःच तासायला बसले. हात पार गेला होता.

"वाकडं झालंय," बायको म्हणाली.

"असू दे," मास्तर म्हणाले. "लागतंय ना?"