हवा कमी

ताराचंदने वर्तमानपत्राची घडी उलगडली आणि काचेचा चुरा टेबलावर सांडला. आरोग्य केंद्रात तापाच्या रोग्यांच्या रक्ताच्या काचा तपासणारा हा एकच माणूस, आणि त्यालाही दुपारी दोनला उठून दुसऱ्या केंद्रावर जावं लागे. त्याने पेनच्या टोकाने तुकडे अलग केले. सहापैकी पाच काचा फुटल्या होत्या.

"सत्यभामाबाई, काल बी फुटल्या, आज बी फुटल्या. आता मी तपासू तं का तपासू?"

"मंगरूची कोनती हाय?"

त्याने एक तुकडा उचलून दाखवला. पेन्सिलीने लिहिलेल्या नावातलं 'मंग' तेवढं त्यावर उरलं होतं. सत्यभामाबाईने तो तुकडा हातात घेतला, पाहिला आणि परत ठेवला. ती बाहेर पडत असताना कारकुनाने तिच्या हातात मेमो दिला. 'साहित्य हाताळण्यात हयगय का केली, याचा लेखी खुलासा द्यावा.'

हयगय! अठरा वर्षं ती टोल्यावर, त्या आडबाजूच्या वस्तीवर, आशाताई होती. किती बाळंतिणी तिने पोचवल्या, किती तापकरी शोधले, त्यात तिच्या हातून एक काच फुटली नव्हती. फुटायला लागल्या त्या ही सायकल आल्यापासून.

सायकलीची कथा अशी, की जिल्ह्यात कुठल्याशा कंपनीने आरोग्यासाठी सायकल फेरी काढली. फेरी संपली, फोटो निघाले, आणि उरलेल्या रेसच्या सायकली आशाताईंना वाटून टाकल्या. पुन्हा फोटो निघाले. बकरीच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल आणि अंगठ्याएवढ्या जाडीचे टायर. नऊवारी नेसो की सहावारी, बाईमाणूस यावर बसणार कसं, हे विचारायची कोणालाही गरज वाटली नाही. मधली दांडी उतरती होती, एवढीच मेहरबानी. हँडल तिने उलटं करून घेतलं आणि आपली जुनी काळी सायकल लेकीला, डिंपलला, भंडाऱ्यात राहून कॉलेजला जायला देऊन टाकली. तिथेच ती चुकली.

कारण टोल्यापासून केंद्रापर्यंतचा तेरा किलोमीटर रस्ता म्हणजे नुसती गिट्टी, टोकदार खडी. रेतीच्या टिप्परांनी डांबर केव्हाच उखडून नेलं होतं. बस बंद झाली होती. त्या गिट्टीवरून बारीक टायर असा उडे की दात वाजत. तिने काचांची पिशवी कॅरिअरला बांधून पाहिली, मग गळ्यात घालून पाहिली, तर ती दर खड्ड्याला हँडलवर आपटली. जागेवर तपासायच्या पट्ट्या दोन महिन्यांपासून आल्या नव्हत्या, आणि रिपोर्टशिवाय मलेरियाच्या गोळ्या द्यायच्या नाहीत असा हुकूम होता. म्हणजे काच पोचलीच पाहिजे. कशी, ते तिचं तिने बघावं!

बुधवारी तिने मंगरूच्या बोटातून तिसऱ्यांदा रक्त घेतलं. भाताच्या रोवणीचे दिवस होते. ताप चढला की मंगरू गोधडीत कुडकुडे आणि उतरला की बांधीतल्या चिखलात जाऊन उभा राही. दवाखान्यात चल म्हटलं तर उद्या म्हणे. या वेळी सत्यभामाबाईने सायकल घरीच ठेवली. काच तळहातावर धरून ती तेरा किलोमीटर चालत गेली. काच शाबूत पोचली, पण तेव्हा सव्वादोन झाले होते आणि ताराचंदच्या खोलीला कुलूप होतं.

गुरुवारी रिपोर्ट आला. डोक्यात चढणारा मलेरिया. मंगरूला ट्रॅक्टरवर घालून भंडाऱ्याला नेलं, आणि शुक्रवारी त्याच ट्रॅक्टरवरून परत आणलं.

मेमोत मंगरूबद्दल काही विचारलेलं नव्हतं. विचारलं होतं ते काचांबद्दल.

तेरवी व्हायच्या आधीच ती वरठीला गेली. स्टेशनबाहेर देवाजीचं सायकलीचं दुकान. कारखान्यात ड्युटीला जाणाऱ्यांच्या सायकली दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, टायर अंगठ्याने दाबला आणि चिडून हात झटकला.

"एवढी कडक हवा कोनं भरली?"

"मीच भरतो काका. कडक असली म्हंजे पंक्चर होत नाही म्हनते सारे."

"सारे म्हनते! बाई, गिट्टीचा दनका कोनालं तं खाच लागते. टायरनं नाही खाल्ला तं तुझी काच खाते."

त्याने चाक उचलून ब्रेक आणि टायर यांच्यामध्ये बोट घालून पाहिलं. आहे तो टायर तेवीसचा, म्हणजे तेवीस मिलिमीटर जाडीचा, त्याने सांगितलं. बत्तीसचा बसवला असता तर गादीवर बसल्यासारखं वाटलं असतं, पण या सायकलीत तो ब्रेकला घासतो. अठ्ठावीसचा बसेल. त्याने नागपूरहून टायर मागवून घेतले आणि ती पुन्हा आली तेव्हा तिच्यासमोर बाजू चिमटीत दाबून पाहिल्या. नक्षीकडे बघू नको म्हणाला, बाजूचं कापड जाड आहे का ते बघ, गिट्टी तिथेच कापते. मग मागे बेताची आणि पुढे त्याहून कमी हवा भरली. टायर खडखडीत लागला तर हवा सोड, असं बजावून त्याने तिचा अंगठा धरून तो कितपत दबला पाहिजे ते दाखवलं. पैसे तिने पदरचे दिले. देवाजीने मजुरी घेतली नाही.

महिनाभराने मंगरूच्या बायकोला, मेघाला, थंडी वाजून ताप आला.

तिची काच आणि आणखी पाच घेऊन सत्यभामाबाई केंद्राच्या फाटकात शिरली तेव्हा पावणेदोन झाले होते. व्हरांड्यात तालुक्याचे साहेब हातात यादी घेऊन दान आलेल्या सायकलींची तपासणी करत होते. मेमोवर सही त्यांचीच होती. त्यांनी तिला थांबवलं. टायर मूळचे नाहीत हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. तेरा किलोमीटर रस्ता उखडलेला आहे, हे मात्र त्यांच्या दोन वर्षांत लक्षात आलं नव्हतं. परवानगी कोणाची घेतली, मूळचे टायर कुठे आहेत, संस्थेच्या साहित्यात बदल करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असं ते एकामागून एक विचारत राहिले.

"सायब, दोन वाजता ताराचंदभाऊ जाते," ती म्हणाली. "काचा देऊन येतो. मंग लिवा का लिवाचं ते."

आणि ती थांबली नाही. साहेब बोलत असताना ती आत निघून गेली. अठरा वर्षांत असं तिने कधी केलं नव्हतं.

ताराचंदने घडी उलगडली. सहा काचा एकीवर एक तशाच होत्या. त्याने त्या मोजल्या, मेघाची सगळ्यांत आधी रंगवली, घड्याळाकडे पाहिलं आणि सूक्ष्मदर्शकावर वाकला. काच तो थोडी थोडी सरकवत पाहत राहिला. सत्यभामाबाई भिंतीला टेकून उभी होती.

"मंगरूवालाच हाय," तो शेवटी म्हणाला. "पन आज सापडला. आजच गोळ्या सुरू करा." दोन वाजून गेले होते. ताराचंद दुसऱ्या केंद्रावर जायला निघाला नव्हता.

ती गोळ्या घेऊन बाहेर आली तेव्हा साहेब तिच्या सायकलीपाशी वाकले होते. त्यांनी पुढचा टायर अंगठ्याने दाबला, तो दबला, आणि त्यांनी मान हलवून यादीत शेरा लिहिला. मग यादी तिच्यापुढे धरून सही करायला सांगितलं.

'टायर मूळचे नाहीत. हवा कमी. निगा राखलेली नाही.'

सत्यभामाबाईने तो सावकाश वाचला. डोळ्यांत पाणी आलं ते संतापाचं. तिने साहेबांकडून पेन घेतला आणि शेऱ्याच्या खाली, शाळेत शिकवतात तशा टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'काचा सहा. सहाही शाबूत.' त्याखाली आपलं पूर्ण नाव घातलं. खुलासा त्यातच आला असं तिला वाटलं, आणि पेन परत देऊन ती सायकलीवर बसली.

फाटकाबाहेर गिट्टी लागली. पुढचा टायर दगडावर दबला आणि पुन्हा वर आला. गोळ्यांची पुडी तिने कमरेला खोचली होती. दिवस मावळायच्या आत त्या मंगरूच्या घरी पोचणार होत्या.