माझ्या पोटातल्या दोन चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी प्रश्नपेटी आहे. नाशिकच्या एका कॉलेजात जिन्याखाली टांगलेली असते. सुताराने मला तोंड एवढंसं दिलं आणि पोट मोठं. आलेलं पोटात ठेवायचं, हेच माझं काम.

श्यामला मॅडम मला दर गुरुवारी उघडायच्या. शरीराचे, प्रेमाचे, घरी विचारता न येणारे प्रश्न मुलं बिननावाने टाकायची आणि मॅडम उत्तरं फळ्यावर लिहायच्या. फळ्याकडे बघतच नाही असं दाखवत पोरं अक्षर न् अक्षर वाचायची. तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

मॅडम निवृत्त झाल्या. किल्ली कुठे गेली, देव जाणे. माझ्या शेजारी 'स्कॅन करा, प्रश्न विचारा' असा कागद चिकटवला गेला. त्यात आधी ईमेल मागतात, मग कोण कशाला विचारेल? मुलं मोबाइलमध्येच उत्तरं शोधू लागली. वर्षभर माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. खरं सांगते, फार एकटं वाटायचं.

मग एका सोमवारी तनयने चिठ्ठी टाकली. दुसऱ्या वर्षाचा, सिन्नरहून येणारा लाजरा मुलगा. 'रील्समध्ये सगळ्यांचं सगळं झालेलं दिसतं. मित्र चिडवतात. मैत्रीण मला खूप आवडते, पण ते सगळं इतक्यात नको वाटतं. माझ्यात काही दोष आहे का?'

बुधवारी त्याची मैत्रीण आली, निफाडची अंजली. तिने लिहिलं होतं, 'सगळ्या मुली पुढे गेल्यात, असं मोबाइलवर दिसतं. मला अजून नको वाटतं. नाही म्हटलं तर तो मला सोडेल का?'

मला हसू आलं. अरे वेड्यांनो, दोघांचं एकच तर म्हणणं आहे! गुरुवार येऊ दे, म्हटलं. गुरुवार आला आणि गेला. मला कोणी उघडलं नाही.

शुक्रवारी दोघं माझ्यासमोरच उभी होती.

"फोन का उचलत नाहीस?" अंजलीने विचारलं.

"अभ्यास होता."

"माझं काही चुकलंय का? स्पष्ट सांग ना."

तनय गोरामोरा झाला. "तुला हवा तसा मी नाहीये गं. तू दुसरं कोणी बघ."

"मला काय हवंय, ते विचारलंस कधी?"

तो बस गाठायला निघून गेला. ती पायरीवर बसून रडली. माझा जीव तीळतीळ तुटत होता, पण मला बोलता कुठे येतं?

काल झाडलोट करणाऱ्या सविताबाईंनी मला हलवून पाहिलं. "मॅडम, आत कायतरी हाय. कुलूप तोडू का?"

नव्या मॅडम घाईत होत्या. "राहू द्या हो, कँटीनच्या तक्रारी असतील."

मित्रांनो, मोबाइलवर हजार लोकांचं बघता, तसं शेजारी बसलेल्या आपल्या माणसाला एकदा विचारूनही बघा. आणि कोणीतरी माझं कुलूप तोडा. तनयचं उत्तर अंजलीच्या चिठ्ठीत आहे आणि अंजलीचं तनयच्या.