परातीतलं पीठ आणि आप्पांची रेकॉर्ड

खोलीत एक दिवा, एक परात, परातीत हातानं सारखं केलेलं तांदळाचं पीठ, एक रेकॉर्ड प्लेयर, एक स्पीकर आणि दोन माणसं होती: भीमसेन आणि त्याची आई जयाबाई. पिठावर खूण एकही नव्हती.

भीमसेनच्या वडिलांचा, परशराम आप्पांचा दहावा काल झाला. खासबागेतल्या त्यांच्या घरानं रीतीप्रमाणे रात्री दिव्याजवळ पीठ ठेवलं होतं. गेलेलं माणूस त्यावर काहीतरी उमटवतं, मग ते सुखानं सुटलं असं समजायचं. सकाळी पीठ कोरंच होतं.

"उमटल्याबिगर घास घ्यायची न्हाय मी."

"आई, तुला शुगर हाय. पडशील."

"पडू दे की! तुझ्या आप्पास्नी कशाचीच घाई नसायची. येतील सावकाश."

दुपारी तिचे हात कापू लागले. भीमसेन भौतिकशास्त्राचा पदवीधर. आवाजानं पीठ हलतं हे त्याला ठाऊक होतं. आई मोरीत गेल्यावर त्यानं परात स्पीकरच्या पेटीवर ठेवली आणि आप्पांची लाडकी रेकॉर्ड लावली.

कॅम्पातल्या लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या आप्पांनी ती बदली झालेल्या एका अधिकाऱ्याकडून घेतली होती. चौघांचा जॅझ: सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम. कुणीच आवाज चढवत नाही. एकजण वाजवतो तेव्हा बाकीचे तिघे त्याचं ऐकत असतात, हे ऐकू येतं. आप्पा गुडघ्यावर बोट आपटत, पण ठोक्यावर कधीच नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत.

इतक्या हळू संगीतानं पीठ हलेना. त्यानं आवाज वाढवला. बासच्या स्वराला पीठ नुसतं थरथरलं. मग त्यात एक खळगा पडला, बोटाच्या पेराएवढा. मग दुसरा. भीमसेननं कान दिला. खळगे ठोक्यावर पडत नव्हते.

त्यानं आवाज पूर्ण बंद केला. रेकॉर्ड मुकी फिरत राहिली. खळगे पडतच राहिले, मधली जागा धरून.

"आले व्हय रं?" जयाबाई दारात उभी होती. तिनं वाकून परातीत पाहिलं, पदरानं तोंड पुसलं आणि पाटावर बसली. "वाढ भात."

त्यानं वाढला. ती जेवू लागल्यावर त्यानं कपाटातून व्होल्ट मोजायचा मीटर काढला आणि स्पीकरला वीज पोचतेय का ते पाहायला त्याच्या तारांच्या दोन्ही टोकांना लावला. परातीत आणखी एक खळगा पडला.

मीटरवर शून्य व्होल्ट.