काठावरची रेघ

कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघ नव्हती. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नव्हतीच.

नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. एका नव्या अतिवाहकाचं, म्हणजे विजेला जराही अडथळा न करणाऱ्या पदार्थाचं, गणित त्यानं अगदी मुळापासून मांडलं होतं. अणू कुठले आणि कुठे बसलेत एवढंच कॉम्प्युटरला सांगायचं, कुणाचं मोजमाप उसनं घ्यायचं नाही. त्यातून स्फटिकाच्या काठावर एक रेघ उमटली होती, इलेक्ट्रॉनांची वाट. ती पदार्थाच्या घडणीतच गुंफलेली आहे, काठाला काहीही फासलं तरी पुसली जाणार नाही, असं त्यानं लिहिलं होतं. लेख स्वीकारल्याचं पत्र आलं तेव्हा तो नव्हता. आता फक्त छापून यायचा होता.

फासून पाहायचं तेवढं आजारपणात राहून गेलं होतं. ती त्याच्याच विभागात काम करायची; त्याचं अर्धं राहिलेलं काम म्हणून तिनंच मायेनं गणितातल्या काठावर हायड्रोजनचे अणू बसवले, आणि रेघ विरून गेली. पदार्थाच्या घडणीतली नव्हेच, कापलेल्या काठावरच्या अणूंच्या तुटक्या बंधांची नुसती भूल होती ती.

"ही उठाठेव तुला कुणी सांगितली होती?" विभागप्रमुख हळूच म्हणाले. "मी काही पाहिलेलं नाही. तू ठरव."

घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. "आलं का गं त्याचं नाव छापून?"

ती त्यांच्या शेजारी टेकली. "आई, संपादकांना पत्र लिहून तो लेख मी मागे घेतेय. त्याचं चुकलंय."

सासूबाईंचे हात थांबले. "गेलेल्या माणसाची चूक काढलीस होय?"

"तो असता तर त्यानंच काढली असती."

"असता तर." त्यांनी आणखी दोन शेंगा सोलल्या, दाणे सालींत टाकले, साली दाण्यांत. "लहानपणी गणित चुकलं की पाटीला मला हात लावू द्यायचा नाही. स्वतःच पुसायचा. थुंकी लावून, घाणेरडा मेला..." त्या शब्दाशी त्या अडल्या.

दाण्यांतल्या साली वेचून काढत त्या म्हणाल्या, "पुसायच्या आधी मला दाखव."

तिनं लॅपटॉप उघडून जुनं चित्र काढलं. वर-खाली दोन काळे पट्टे, मधल्या दरीतून चढत गेलेली एक बारीक लाल रेघ. सासूबाईंनी मटारानं हिरवं झालेलं बोट तिच्यावरून सावकाश फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"वहीतसुद्धा त्याची ओळ अशीच वर चढायची," त्या म्हणाल्या. "घे. लिही आता तुझं पत्र."

काचेवर बोटाचा ओला माग उरला होता. तो न पुसताच तिनं लिहायला घेतलं.