मुकादमाची रेघ

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. विभागप्रमुख सरही ताईच म्हणत, पण त्यांच्या तोंडी तो शब्द नात्याचा नसे; 'लिफ्ट' किंवा 'झेरॉक्स' म्हणावं तसा तो यायचा. एकोणीस वर्षं ती तिथे तंत्रज्ञ होती. पेशी वाढवायच्या, दर दोन दिवसांनी त्यांना ताजं खाद्य घालायचं, इतके लाड करून झाले की त्या फोडायच्या आणि आतली प्रथिनं काढून जेलच्या लिबलिबीत थरातून पळवायची, हे काम ताईचं. त्याचा अर्थ सांगायचं काम सरांचं.

अर्थ सांगण्यात सरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांची सगळी कीर्ती एका प्रथिनावर उभी होती. पेशीच्या केंद्रकात बसून, कुठल्या जनुकाने कामाला लागायचं आणि कुठल्याने गप्प पडून राहायचं, हे ठरवणारं ते प्रथिन. त्याचं खरं नाव म्हणजे तीन अक्षरं आणि दोन आकडे, म्हणून प्रयोगशाळेत त्याला सरळ मुकादम म्हणत. पेशी आजारी पडली की तिच्यातला मुकादम वाढतो, दुपटीने, तिपटीने वाढतो, असं सरांचं म्हणणं. या एका वाक्यावर अकरा शोधनिबंध निघाले होते, दोन पुरस्कार मिळाले होते, आणि सरांच्या खोलीत एक फोटो लागला होता. त्यात सर एका मंत्र्याला मुकादम दाखवत होते आणि मंत्री डोळे मिटून सूक्ष्मदर्शकात बघत होता.

खरं तर सूक्ष्मदर्शकात मुकादम दिसतच नाही. तो दिसायला अँटिबॉडी लागते. कंपनी सशाला मुकादमाचा तुकडा टोचते, सशाच्या रक्तात त्या तुकड्याला ओळखून चिकटणारं द्रव्य तयार होतं, आणि ते बोटाच्या पेराएवढ्या नळीत भरून कंपनी विकते. ताई पेशींतली प्रथिनं एका पातळ पांढऱ्या पडद्यावर उतरवायची आणि त्यावर ही अँटिबॉडी ओतायची. जिथे मुकादम असेल तिथे ती चिकटायची आणि फोटोत काळी रेघ उमटायची. रेघ जाड असेल तर मुकादम जास्त, बारीक असेल तर कमी. एवढं सोपं.

आणि त्या अँटिबॉडीची रेघ काय यायची! काजळाच्या बोटाने ओढावी तशी. पाहुणे आले की सर तो फोटो पुढे करून म्हणायचे, "याला म्हणतात पुरावा."

बारावा निबंध पाठवला तेव्हा मासिकाच्या एका परीक्षकाने चार ओळी लिहून कळवल्या. ही अँटिबॉडी मुकादमालाच चिकटते कशावरून? ज्या पेशींत मुकादम मुळातच नाही, अशा पेशींवर ती वापरून दाखवावी.

"जळतात हो लोक," सर म्हणाले. "दाखवून टाका, ताई. कोरा पडदा येईल, तो चिकटवून देऊ."

तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत तशा पेशी होत्या. मुकादमाचं जनुकच कापून काढलेल्या. ताईने त्या मागून आणल्या, आठवडाभर वाढवल्या, फोडल्या आणि पडदा केला. फोटो निघाला तेव्हा ती खुर्चीवरून उठून संगणकाच्या पडद्याजवळ गेली. मुकादम नसलेल्या पेशींत मुकादमाची रेघ आली होती. जाड. काळीभोर. नेहमीच्याच जागी.

सरांनी फोटो हातभर लांब धरून बघितला. "पेशींच्या डब्या बदलल्या असणार तुम्ही."

ताईने पुन्हा केलं. पुन्हा रेघ आली.

"मग तळमजल्यावाल्यांना जनुक नीट कापता आलेलं नाही."

ताईने ते तपासून घेतलं. जनुक स्वच्छ कापलेलं होतं, मुकादम उरायचा प्रश्नच नव्हता. तिसऱ्यांदा केलं. रेघ हजर.

"पाण्यात काहीतरी आहे," सर म्हणाले आणि टपाल बघायला लागले.

त्या संध्याकाळी जेवताना तिने हे घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "तुला कशाला नसती उठाठेव? सही त्यांची असते ना?" सासरे मात्र घास हातात धरून ऐकत होते. ते वजनमापे निरीक्षक होते. तीस वर्षं बाजारातली वजनं तपासून निवृत्त झाले होते आणि अजूनही घरात आलेलं प्रत्येक पुडकं तळहातावर तोलून बघायचे.

"म्हणजे तुमची ती रेघ म्हणजे वजन," ते म्हणाले. "आणि एवढ्या वर्षांत ते वजन कुणी तपासलंच नाही?"

"कंपनी तपासून देते, बाबा."

"कोण देतं?"

"कंपनी."

"विकणारा?" सासरे हसले. "अगं, खोटं वजन पकडलं की दुकानदार काय म्हणायचा माहीत आहे? आधी म्हणायचा, तराजू हललाय. मग म्हणायचा, वारा आहे. आणि सगळ्यात शेवटी म्हणायचा, साहेब, तुमचाच हात लागला."

ताई हसली. सर अजून वाऱ्यापर्यंतच आले होते.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज आला.

"मॅडम, हे आमचं सर्वांत जास्त विकलं जाणारं उत्पादन आहे."

"असेल. पण ते मुकाद... म्हणजे ते भलत्याच प्रथिनाला चिकटतंय."

"पण चिकटतंय ना, मॅडम?"

"चिकटतंय."

"मग उत्पादनात दोष नाही. आणखी काही मदत करू शकते का?"

ताईने फोन ठेवला. तिला चिमटी आठवली होती.

चिमटी म्हणजे सरांची पाचवी विद्यार्थिनी. प्रत्येक वस्तू चिमट्याने उचलायची, म्हणून हे नाव. सहा वर्षांपूर्वी तिने हट्टाने दुसऱ्या कंपनीची अँटिबॉडी मागवली होती. त्यात रेघ यायची फिकट, थोडी खालच्या बाजूला, आणि पेशी आजारी असो की ठणठणीत, रेघ तेवढीच राहायची. चिमटी म्हणाली होती, मुकादम वाढतच नाही. सरांनी सगळ्यांसमोर तिला सुनावलं होतं, "प्रयोग मुकादमात नसतो, हातात असतो. तुझ्या हातात तो नाही." चिमटीने ताईकडे बघितलं होतं. आणि ताई, जिच्या हाताबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती, ती म्हणाली होती, "तुझा हात थरथरतो गं जरा." पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी चिमटी पदवी न घेता निघून गेली.

तिच्या वह्या मागच्या कपाटात तशाच होत्या. ताईने त्या दोन दिवस वाचल्या. अक्षर बारीक, तारखा चोख, चुकलेल्या ठिकाणी एकच सरळ काट. कुठेही थरथर नव्हती. चिमटीने जाताना तळमजल्यावाल्यांना दिलेली अँटिबॉडी थोडी उरली होती, ती ताईने मागून घेतली आणि तिच्या वहीबरहुकूम सगळं केलं. मुकादम नसलेल्या पेशींत पडदा कोरा आला. साध्या पेशींत फिकट रेघ. आजारी पेशींत तेवढीच फिकट रेघ.

ताईने हाही फोटो सरांपुढे ठेवला. या वेळी सरांनी बघितलाही नाही.

"ताई, वय होतं हो माणसाचं. हात पूर्वीसारखा राहत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि आपल्या अँटिबॉडीच्या जितक्या नळ्या बाजारात असतील तितक्या मागवून ठेवा. कंपनी नवा लॉट काढेल आणि रेघ बिघडवून ठेवेल. या लोकांचा भरवसा नाही."

नळ्या आल्या. शून्याखालच्या फ्रीजमधले तीन कप्पे सरांच्या सत्याने भरले.

महिनाभराने तिसऱ्या पुरस्काराची समिती यायची होती. आधी सरांनी विभागात भाषणाची तालीम ठेवली. पुढच्या रांगेत एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. ते प्रत्येक भाषणाला यायचे आणि पहिल्या पाच मिनिटांत झोपायचे, म्हणून त्यांना झोपाळू काका म्हणत. सरांनी पडद्यावर काळीभोर रेघ दाखवली, आवाज चढवला, "पुरावा" हा शब्द उच्चारला, आणि नेमके काका जागे झाले.

"मुकादम नसलेल्या पेशींवर करून बघितलं का हे?"

"काम चालू आहे," सर म्हणाले.

"झालंय, सर," मागून आवाज आला. ताई शेवटच्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसली होती. एकोणीस वर्षांत ती त्या सभागृहात पहिल्यांदाच बोलली होती. "तीनदा झालंय."

काका वळले. "आणि?"

"रेघ येते."

"म्हणजे ही रेघ मुकादमाची नाही?"

"नाही."

"मग कुणाची?"

"ते माहीत नाही. अकरा निबंध झाले, पण ते कुणी विचारलं नव्हतं."

कुणीतरी खोकलं. सर मोकळेपणाने हसले. हसायचं कुठे हे त्यांना फार चांगलं कळत असे. "आमच्या ताई फार मेहनती आहेत," ते म्हणाले, "आणि अशा प्राथमिक निरीक्षणांतूनच विज्ञान पुढे जातं. पुढची स्लाइड."

पुढच्या स्लाइडवर मंत्र्याचा फोटो होता.

शनिवारी दुपारी ताई चिमटीला भेटायला गेली. चिमटी एका चष्म्याच्या दुकानात नोकरी करत होती. दुकानात कुणी गिऱ्हाईक नव्हतं. ती एका फ्रेममध्ये काच बसवत होती, चिमट्याने छोटा स्क्रू धरून. ताईला बघून तिने मान हलवली, हातातलं काम सोडलं नाही.

ताईने वाटेत बरंच काही ठरवलं होतं, ते सगळं तोंडाशीच राहिलं. ती एवढंच म्हणाली, "तुझं बरोबर होतं. मुकादम वाढत नाही. मी करून बघितलं."

स्क्रू बसला. चिमटीने फ्रेम उजेडात धरून बघितली. "सहा वर्षांनी सांगताय."

"हो."

"तुम्ही म्हणाला होतात, माझा हात थरथरतो."

"म्हणाले होते. खोटं होतं ते. मी तेव्हा बघितलंही नव्हतं तुझ्या हाताकडे."

"सरांचं मला काही वाटलं नाही हो, ताई. ते बोलतातच. तुम्ही म्हणालात म्हणून मला खरं वाटलं." ती फ्रेम पुसायला लागली. "घरी आई अजून लोकांना सांगते, हिला ते जमलं नाही. मीही तेच सांगते."

चिमटीने तिला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, पण काही हरकत नाही वगैरे म्हणाली नाही. ताई पाणी पिऊन झाल्यावर तिने कागद-पेन पुढे सरकवलं.

"मनाला लागलं असेल तर लिहून द्या. इथे कच्चं लिहा. मग विभागाच्या कागदावर, तारखेसकट, सही-शिक्क्यासकट. माफीबिफी नको. काय केलं, काय आलं, तेवढं लिहा."

ताईने सोमवारी पत्र टाइप केलं. माझ्या माहितीप्रमाणे सदर विद्यार्थिनीचे निष्कर्ष अचूक होते, मी ते पुन्हा करून पाहिले आहेत, फोटो सोबत जोडले आहेत. खाली सही. शिक्का आवक-जावकच्या टेबलावर असायचा, तो तिने स्वतःच उमटवला. पत्र घेऊन चिमटी विद्यापीठाच्या तीन कार्यालयांत फिरली. चौथ्यात एका बाईंनी ते नीट वाचलं. दुसऱ्या विभागातल्या एका मार्गदर्शकाकडे तिची पुन्हा नोंदणी झाली. दुकान तिने सोडलं नाही. सकाळी चष्मे आणि दुपारनंतर पेशी, असं चालू झालं.

आता सरांचं काय झालं म्हणाल, तर त्यांना तिसरा पुरस्कार मिळाला.

झालं असं, की तालमीतली बातमी बाहेर फुटल्यावर समितीची भेट पुढे ढकलली गेली, सर दोन आठवडे आजारपणाच्या रजेवर गेले आणि तजेलदार होऊन परत आले. आल्या आल्या त्यांनी नव्या विद्यार्थ्याला बसवून ती रेघ कुणाची आहे ते शोधून काढायला लावलं. निघालं एक भलतंच प्रथिन. जनुकांशी त्याचा काही संबंध नव्हता, पेशीच्या आवरणाला आतून टेकू देण्याचं काम करायचं बिचारं. पण आजारी पेशीत ते खरंच वाढत होतं. अडकलेला बारावा निबंध सरांनी नव्याने लिहिला आणि त्यात म्हटलं की आपल्या अकरा निबंधांतून ज्याची चाहूल लागत होती तो खरा नायक अखेर सापडला. मागचे निबंध चुकीचे ठरले नाहीत. ते 'दूरदर्शी' ठरले. कंपनीनेही उशीर केला नाही. तीच नळी, तोच ससा, वर नव्या प्रथिनाचं लेबल. फ्रीजमधले तीन कप्पे एका रात्रीत दुर्मीळ साठा झाले आणि इतर प्रयोगशाळा सरांकडे नळ्यांसाठी शब्द टाकू लागल्या.

पुरस्काराच्या मानपत्रात लिहिलं होतं, 'स्वतःच्याच निष्कर्षांकडे निर्भयपणे पाहण्याच्या धैर्याबद्दल.' सर ते वाचताना गहिवरले. झोपाळू काका पहिल्या रांगेत होते. त्यांना मात्र त्या दिवशी काही केल्या झोप लागली नाही.

त्याच आठवड्यात ताईच्या टेबलावर एक बंद पाकीट आलं. आत मेमो होता. विभागाच्या कागदाचा व शिक्क्याचा अनधिकृत वापर केल्याबद्दल आपणास समज देण्यात येत आहे. तंत्रज्ञ पदावरील कर्मचाऱ्यांनी यापुढे पूर्वपरवानगीशिवाय कोणतेही निष्कर्ष काढू नयेत.

ताईने तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तिला हसू फुटलं, इतकं की शिपाई दारात येऊन उभा राहिला.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. इथे सही करायची ना?"

"हो. मिळाल्याची."

तिने 'मिळाला' असं लिहून सही केली, तारीख घातली, हातमोजे चढवले आणि पेशींच्या खोलीत गेली. गुरुवार होता, त्यांना खाद्य घालायचं होतं.