काँक्रीटला पडलेले तडे

तईसिया ग्लुश्कोवा पोस्टपेटी एकशे शहाऐंशीमध्ये भाषांतरकार होती. लेनिनग्राडात ज्या कारखान्याला नाव नसतं, नुसता पोस्टपेटीचा आकडा असतो, तिथं अग्निबाणाचं काहीतरी चालतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ट्रामचा कंडक्टर तर दारासमोरच्या थांब्यावर गळा काढून ओरडायचा, "पोस्टपेटीवाले, उतरा!" एवढी ती गुप्तता. पण आत शिरलं की शिसपेन्सिलीचं टोकसुद्धा सरकारी गुपित. वहीची पानं मोजलेली, वहीला दोरा ओवलेला, दोऱ्यावर लाख, आणि संध्याकाळी ती वही पहिल्या विभागात जमा. पहिला विभाग म्हणजे गुपितं राखणारं खातं, आणि ते खातं म्हणजे शुबिन. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या खोलीत गेलं की खरी गोष्टसुद्धा दबक्या आवाजात बोलावी लागे.

तईसियाचं काम अमेरिकन नियतकालिकं वाचायचं. विमानं, अग्निबाण, उपग्रह यांवरचं त्यांचं एक साप्ताहिक होतं. ते तिकडे कुणीही दुकानातून विकत घ्यावं आणि वाचून झालं की त्यात मासे बांधावेत. इकडे तेच यायचं, ती त्याचं रशियन करायची आणि त्यावर शुबिनचा शिक्का बसायचा. आपण काय बनवतो ते अमेरिकेला कळलेलं, अमेरिकेला कळलंय हे आपल्या वरच्यांना कळलेलं. कळायचं राहिलं होतं ते फक्त बनवणाऱ्यांना.

मार्चच्या सुरुवातीला एका अंकाच्या सतराव्या पानावर तिला ते सापडलं. फार उंचावरून टिपलेलं धूसर चित्र: गवताळ माळ, त्यात काँक्रीटचा चौथरा, आणि चौथऱ्यावर शाई सांडावी तसा काळा डाग. खाली मजकूर होता. गेल्या वर्षी अकरा एप्रिलला सोविएत अग्निबाण उडण्याआधीच जागेवर पेटला. साधारण साठ माणसं जळून मेली. बहुतेक जण दुरुस्ती करणारे कामगार होते, कारण इंधन न उपसताच दुरुस्तीचा हुकूम झाला होता.

अकरा एप्रिल. तिच्या हातातली पेन्सिल थांबली.

तिचा धाकटा भाऊ ग्लेब वेल्डर होता. दक्षिणेकडच्या कुठल्याशा माळावर कामाला होता. कुठल्या, ते घरच्यांनी विचारायचं नव्हतं. अकरा एप्रिललाच तो गेला. गोल शिक्क्याचं पत्र आलं: दारूच्या नशेत ट्रक चालवताना उलटून मृत्यू, दोष स्वतःचा. शवपेटी आली ती झाळून बंद केलेली. ग्लेब दारूला शिवत नसे. बाप पिऊन नेव्हा नदीच्या बर्फावर पडला आणि तिथंच गारठून मेला, तेव्हा ग्लेब नऊ वर्षांचा होता. त्यानेच बापाला घसरगाडीवर घालून घरी ओढत आणलं होतं. त्यानंतर स्वतःच्या लग्नातसुद्धा त्याने फळांचं सरबत प्यायलं, आणि त्यावरून लोकांनी रात्रभर त्याची टर उडवली.

पण आईने पत्रावर विश्वास ठेवला. अग्राफेना येगोरोव्नाने नवऱ्याच्या दारूत अर्धा जन्म घालवला होता. रक्त बापाचंच, ती म्हणाली, आणि ग्लेबचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. मेलेल्याच्या चाळिसाव्या दिवशी घरोघर पानावर घावन वाढतात, एक पेला मेलेल्याच्या नावाने भरून ठेवतात. तिने त्या दिवशी चूलच पेटवली नाही. ग्लेबची बायको रिम्मा दारात उभी राहून रडून परत गेली. आता वर्ष भरत आलं होतं.

तईसियाने भाषांतर पुरं केलं आणि शुबिनकडे नेलं. त्याने वाचलं, कपाळावरचा घाम पुसला आणि लाल शिक्का उचलला.

"येवस्ताफी निकोनोविच, मला याची एक नक्कल हवी. आईला दाखवायला," ती शुबिनला म्हणाली.

"तईसिया सावेल्येव्ना, तुम्ही हे वाचलेलंच नाही. यावर आता पहिल्या श्रेणीचा शिक्का पडला. तुमची श्रेणी दुसरी."

"मीच तर लिहिलंय!"

"लिहायची परवानगी होती. वाचायची नाही."

"माझा भाऊ आहे हो यात!"

"नाव कुठं दिसत नाही." शुबिनने कागद उलटा ठेवला. "आणि हा सगळा शत्रूचा खोटा प्रचार आहे."

"खोटा आहे ना? मग लपवता कशाला? खोट्याला एवढं जपायची काय गरज?"

शुबिनने दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "सही केलीये तुम्ही. गुपित फोडलं तर काय होतं ते मी सांगायला नको. घरी जा. चहा प्या."

चहा प्या! तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला. साठ माणसं भाजून काढायची, वर त्यांना दारुडे ठरवायचं, आणि मागे राहिलेल्यांनी चहा प्यायचा! ज्याने तो हुकूम दिला त्याच्या छातीवर या मे महिन्यात आणखी एक पदक लागेल, आणि त्याच्या घरी कुणाचा फोटो भिंतीकडे वळणार नाही.

घरी येऊन तिने चार बिऱ्हाडांच्या सामाईक स्वयंपाकघरात, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडून, आईला सांगितलं. "आई, ग्लेब पिऊन मेला नाही. कामावर जळून मेला."

आई बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणी सांगितलं?"

"मी वाचलंय."

"दाखव."

"दाखवता येत नाही."

"मग माझ्याकडे आहे ते बघ. त्यावर गोल शिक्का आहे. तुझ्या तोंडावर आहे का शिक्का?" तिने बटाटा पातेल्यात आपटला. "तुझ्या बापासाठीसुद्धा तू असंच खोटं बोलायचीस. म्हणे घसरून पडला! पांघरूण घालायची सवयच तुझी."

या बाईला छापलेलं हवं होतं, आणि छापलेलं शुबिनच्या कपाटात होतं.

पण ते साप्ताहिक दोन प्रतींत यायचं. एक पोस्टपेटीत, दुसरी शहराच्या ग्रंथालयात, परदेशी मासिकांच्या दालनात. दुसरी प्रत आधी सेन्सॉरच्या दोन कारकुनांकडे जायची. त्यांच्याकडे कात्री होती, इंग्रजी नव्हतं. इंग्रजी येणारा माणूस त्या कामावर ठेवायचा नाही, कारण तो वाचेल! म्हणून दर शुक्रवारी तईसिया त्यांना अनुक्रमणिका रशियनमध्ये करून द्यायची आणि ते तिच्यावर भरवसा ठेवून पानं कापायचे. चौदा वर्षांत तिने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता.

त्या शुक्रवारी तिने सतराव्या पानासमोर लिहिलं: "कोरड्या जमिनीवरील काँक्रीटला पडणारे तडे." खाली नेहमीसारखी पूर्ण सही केली.

कात्रीवाल्यांना काँक्रीटचं काय! ग्लेबला वर्ष पुरं व्हायच्या आधीच्या रविवारी अंक दालनातल्या मांडणीवर होता, अखंड.

आईला तिथवर न्यायलाच तिच्या नाकी नऊ आले. रिम्मा आधीच येऊन बसली होती. सासूने तिच्याकडे पाहिलं नाही. नवीन रुमाल डोक्याला घट्ट बांधून आई खुर्चीच्या कडेला टेकली, चर्चमध्ये आल्यासारखी. आजूबाजूला दहाबारा वाचक होते. तईसियाने सतरावं पान उघडलं आणि वाचायला लागली. डोळे इंग्रजीवर, तोंडाने रशियन, एकेक ओळ, नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात.

"शू!" टेबलामागून ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

तईसियाने आवाज चढवला. कुजबुजत सांगायला हा काही चोरीचा माल नव्हता. माळ, चौथरा, इंधन, हुकूम. शेजारच्या म्हाताऱ्या इंजिनिअरने चष्मा काढला. मागच्या बाकावरून कुणीतरी लगबगीने उठून बाहेर गेलं. ते वर्दी द्यायला गेलं हे तिला कळलं, आणि वाचायला आता फार वेळ नाही हेही कळलं.

"तारीख परत वाच," आई म्हणाली.

"अकरा एप्रिल."

आईने बोट त्या काळ्या डागावर ठेवलं. "ट्रक कुठाय?"

"ट्रक नाहीच, आई. ट्रक कधी नव्हताच."

रिम्माने तोंडात रुमाल कोंबला. आईने बोट डागावरून खालच्या मजकुरावर आणलं. मग म्हणाली, "साठ लिहिलंय म्हणतेस. आपला धरून?"

"धरून."

"नाव लिहिलंय?"

"नावं त्यांना माहीत नाहीत."

"नाव माहीत नाही तरी त्यांनी धरला," म्हातारी म्हणाली. "आणि ज्यांना नाव माहीत, गाव माहीत, माझं घर माहीत, त्यांनी मला शिक्का मारून खोटं पाठवलं! शत्रूला कळलेलं चालतं. मला कळलेलं चालत नाही. शत्रू कोण गं मग यांचा? मी?"

"आजीबाई, इथं बोलायचं नसतं," ग्रंथपाल बाई उठून आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "कृपा करून बाहेर चला."

दाराशी बुटांचा आवाज झाला. तईसियाने अंक मिटला नाही. उलट सतरावं पान हाताने सपाट करून सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

अग्राफेना येगोरोव्ना टेबलाला धरून उभी राहिली. सुनेचा दंड पकडून तिने तिलाही उभं केलं. वर्षभर जे नाव तिने घरात घेऊ दिलं नव्हतं ते तिने भरल्या दालनात घेतलं.

"ग्लेब ग्लुश्कोव. माझा मुलगा. वेल्डर होता." तिने दारात आलेल्या दोघा माणसांकडे पाहिलं, आणि त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शुद्धीत होता."